फोटोखालची ओळ

बाटल्यांच्या कारखान्यात बाळ्याचं काम बघण्याचं होतं. समोर मागून उजेड सोडलेला पांढरा पडदा, त्याच्यापुढून सरकत जाणाऱ्या काचेच्या बाटल्या, आणि त्यातली एखादी चिरलेली किंवा पोटात बुडबुडा अडकलेली दिसली की ती उचलून बाजूला टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. पण डोळा तयार व्हायला वर्ष जातं, आणि एकदा तयार झाला की तो घरीही गप्प बसत नाही. पाण्याचा ग्लास तोंडाला लावण्याआधी बाळ्या तो उजेडाकडे धरून बघायचा, आणि पाहुण्यांसमोर तरी असं करू नकोस म्हणून बायको त्याच्यावर डोळे वटारायची.

मग कारखान्याने तपासणाऱ्यांच्या खुर्च्यांच्या जागी कॅमेरे बसवले. कॅमेऱ्याला चहा लागत नाही, त्याची पाठ धरत नाही. अख्खी रांग घरी बसली.

बाळ्या हे काही पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला शोभणारं नाव नव्हे. पण ते ताईने ठेवलं होतं, आणि ताईने ठेवलेली वस्तू त्या घरात सहसा हलत नसे. ताई त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. भावाच्या पायी तिचं लग्न राहून गेलं, असं नातेवाईक हळहळून म्हणत. ती म्हणे, "राहून काही गेलं नाही. मी केलं नाही." मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची. निवृत्त झाल्यावर साठवलेले पैसे घालून तिने आणि बाळ्याने मिळून हे तीन खोल्यांचं घर घेतलं. मागची, खिडकीवाली खोली तिची.

ताई टापटिपीची. दाराची बेल वाजली की ती आधी आरशाकडे जायची, मग दाराकडे. अंबाडा घट्ट, कपड्यांना इस्त्री, तोंडात कवळी. दूधवाल्यानेही तिला कधी केस मोकळे असताना पाहिलं नव्हतं. फक्त घरच्यांसमोर ती सैल व्हायची. सकाळी बोळक्या तोंडाने चहात बिस्किट बुडवून खायची, आणि भाची, म्हणजे बाळ्याची मुलगी, हसली की म्हणायची, "हास. तुलाही एक दिवस असंच खायचंय."

नोकरी गेल्यावर सुरुवातीला बाळ्याने सगळीकडे अर्ज केले. गोदामं, दुकानं, औषधांच्या कंपन्या. कुठे वय आडवं आलं, कुठे "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. तिच्या पगारावर घर चाललं होतं. भाजी आणायची पिशवी बाळ्याच्या हातात आली. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे विमावाले भेटायचे आणि रोज अगदी निरागसपणे विचारायचे, "आज सुट्टी?" बाळ्या म्हणायचा, "घरून काम." विमावाले मान डोलवायचे. बाटल्या घरून कशा तपासतात हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही याचीच बाळ्याला जास्त लाज वाटायची. पुढे पुढे तो जिन्याने जायला लागला.

इंटरनेटवरून चार पैसे मिळतात हे त्याला मुलीने सांगितलं. आधी त्याने सर्वेक्षणं भरली: कुठला साबण वापरता, का वापरता, मित्राला सांगाल का. मग गाण्यांना तारे दिले, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं टाइप केली. दिवसभर डोळे फोडून संध्याकाळी जेमतेम दोन कप चहाचे पैसे जमायचे. बायको जोडे काढता काढता म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही रे." ती सहज म्हणाली, टोमणा नव्हता. पण तेव्हापासून ती घरी यायच्या वेळेला तो फोन पालथा ठेवून काहीतरी निवडत, पुसत बसायचा.

मग त्याला फोटो विकत घेणारी एक वेबसाइट सापडली. आपण फोटो चढवायचे. कुणाला जाहिरातीसाठी, मासिकासाठी हवा असला तर तो विकत घेणार, आपल्याला त्यातला लहानसा वाटा. बाळ्याचा फोन जुनाच होता, पण डोळा होता. उजेड कुठून आला की वस्तूचं पोट दिसतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने जिन्यात पडलेली उन्हाची पट्टी काढली, पाण्यातला चमचा काढला, दोरीवरचे मोजे काढले. मोजे विकले गेले. त्या दिवशी तो फार दिवसांनी शीळ घालत भाजी आणायला गेला.

"मोज्यांचा फोटो?" ताई म्हणाली. "कोण घेतं?"

"आहेत घेणारे."

"बरं आहे. माझा भाऊ फोटो काढतो, असं सांगेन मी आता." आणि तिने खरंच शेजारणीला तसं सांगितलं.

त्या वेबसाइटवर एक पान असायचं, लोकांना कसले फोटो हवेत याचं. तिथे पुन्हा पुन्हा एक मागणी यायची. म्हातारी माणसं. खरी. हसरी नकोत, तयार होऊन बसलेली नकोत. बाळ्या ते वाचायचा आणि पुढे जायचा.

हवा बदलली तशी ताईला ताप आला. अंगात ठरला, मग उतरला. उतरल्यावर तिने हट्टाने डोक्यावरून अंघोळ केली. दुपारची वेळ होती. बाळ्या तिच्यासाठी चहा घेऊन गेला तर दार अर्धवट उघडं होतं. ताई पलंगाच्या कडेला बसली होती. ओले पांढरे केस खांद्यावर मोकळे, कवळी खिडकीतल्या वाटीत, गाल आत गेलेले, एक हात मांडीवर उताणा पडलेला. ती केस वाळायची वाट बघत होती, बाकी काही नाही. पण खिडकीचा निळ्या चौकटींचा पडदा अर्धा ओढलेला होता, आणि त्याच्या कडेने उजेड असा येत होता की तिच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ वेगळी दिसावी. बाळ्याने चहाचा कप खाली फरशीवर ठेवला आणि फोन काढला. मग कप उचलला, दार वाजवलं आणि आत गेला.

"गार झालाय," ताई चहाचा घोट घेऊन म्हणाली.

नंतर विचारू, असं त्याने स्वतःला सांगितलं. वेबसाइटने विचारलं, फोटोतल्या व्यक्तीची परवानगी आहे का? त्याने 'आहे'वर बोट ठेवलं. खाली सही मागितली होती. ताईची सही त्याने शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर इतकी वर्षं बघितली होती की बोटाने काढायला वेळ लागला नाही. सही करताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण कुणी बघत नव्हतं, आणि हे लोक कुठले कुठे असतील, कुठल्या तरी परक्या मासिकात आतल्या पानावर छापतील, आपल्याला कोण ओळखतं.

फोटो विकला गेला. पुन्हा गेला. मोज्यांपेक्षा, चमच्यापेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त वेळा गेला. बाळ्याने त्या पैशांतून मुलीला बूट घेतले आणि ताईला गरम पाण्याची पिशवी आणली. ताईने ती पोटाशी धरली. "तुझ्या कमाईची?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. "मग जास्त ऊब देईल," ती म्हणाली. बाळ्या काहीतरी विसरल्यासारखं करून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

काही महिने गेले. एका सकाळी फोनवर बोट सरकवत असताना पडद्यावर ताई त्याच्यासमोर आली. निराधार वृद्धांसाठी पैसे गोळा करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात होती. रंग काढून टाकून फोटो करडा केला होता. खाली ठळक अक्षरांत ओळ होती: हिला कोणी नाही.

बाळ्याने फोन खिशात टाकला. मग पुन्हा काढून बघितला. ताई पलीकडच्या खोलीत भाचीच्या स्कर्टची कड उसवत होती, आणि ती उसवताना नेहमी गुणगुणायची तशी गुणगुणत होती. तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. त्याने त्याऐवजी वेबसाइटला पत्र लिहिलं. उत्तर आलं की विकलेला फोटो परत घेता येत नाही. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. मग तो नुसता वाट बघत राहिला, कशाची ते त्यालाही सांगता आलं नसतं. ताई फोन फारसा बघत नाही, यावर त्याने सगळी भिस्त ठेवली.

पण ताईच्या विद्यार्थिनी बघत होत्या.

एका सुट्टीच्या दुपारी बेल वाजली. ताई आरशाकडे गेली, मग दाराकडे. दारात दोन बायका होत्या, दोघींची चाळिशी उलटलेली. एक उंच, सडपातळ. शहरात तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. दुसरी बँकेत कॅशियर. ताईने दोघींना लगेच ओळखलं.

"सुई ना गं तू?" ती उंच बाईला म्हणाली. "आणि ही बडबडी. आत या."

वर्गात ठेवलेली नावं ऐकून दोघी हसल्या, पण हसू पुरतं ओठांवर आलं नाही. त्या सोफ्याच्या कडेला टेकल्या. खोलीभर नजर फिरवली: पडदे, टेबलावरचा टीव्ही, मुलीची सायकल. कॅशियरच्या हातात फळांची पिशवी होती आणि एक नवी कोरी लोकरीची शाल. बाळ्याने ती शाल बघितली. तो चहा करायला आत गेला. चहा झाला तरी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून तसाच उभा राहिला.

"बाई, तुम्ही इथे कुणाकडे असता?" सुईने विचारलं.

"कुणाकडे म्हणजे? माझं घर आहे. माझं आणि भावाचं."

"बरं... सगळं ठीक आहे ना?"

"ठीक नसायला काय झालं?"

कॅशियरने मैत्रिणीकडे बघितलं आणि पर्समधून एक जाड पाकीट काढलं. शब्द पाठ करून आली असावी. "बाई, तुम्ही आम्हाला पायावर उभं केलंत. आम्ही आपल्या सगळ्या मुलींनी मिळून हे थोडंसं... तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"पण कशाबद्दल?"

बाळ्याला तेव्हाही बोलता आलं असतं. ट्रे त्याने ओट्यावर ठेवला, एवढंच केलं.

सुईने फोन उघडून ताईपुढे धरला. ताईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. एखादीच्या शिवणातली चूक शोधावी तसा तिने तो फोटो बघितला, अगदी जवळून. आणि मग फोन उलटा करून मागची बाजूही बघितली, जणू टाका तिकडून सुटलेला असेल.

"पडदा आमचाच आहे," ती म्हणाली.

मग तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. बाळ्याने मान खाली घातली.

"हो, मीच दिला हा फोटो," ताई दोघींना म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता. "चांगल्या कामाला लागतो म्हणाले, म्हणून दिला. माझ्या भावाने काढलाय. चांगला काढलाय ना?"

"पण बाई, खाली लिहिलंय की..."

"जाहिरातीत लिहितात तसं. तुझ्या दुकानावर काय लिहिलंय? एका दिवसात कपडे शिवून मिळतील. मिळतात का?"

आता मात्र दोघी खरंच हसल्या. पाकीट पर्समध्ये परत गेलं. ताईने ते त्याच संस्थेला द्यायला सांगितलं. शालही घेतली नाही. बाळ्याने चहा आणला तेव्हा कॅशियर त्याला म्हणाली, "छान फोटो काढता हं तुम्ही." त्याने "हं" केलं. बशीतली बिस्किटं संपेपर्यंत त्याला तिथे उभं राहावं लागलं.

त्या गेल्यावर ताईने कप गोळा केले आणि स्वतः धुवायला घेतले. बाळ्या तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"ताई..."

"दात तरी लावू द्यायचे होतेस," ती पाठमोरीच म्हणाली.

नळ वाहत राहिला. मग तिने विचारलं, "का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस."

तिने कप पालथे घातले, हात पुसले आणि आपल्या खोलीत गेली.

संध्याकाळी बाळ्याने बायकोला सगळं सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती. मग खुर्चीवर बसली. ओरडेल असं त्याला वाटलं होतं, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझे काढलेस कधी?" तिने विचारलं.

"तुझा चेहरा नाही."

"मग काय?"

त्याने फोन तिच्या हातात दिला. तिच्या तळव्यांचे फोटो होते, दिवसभर रबरी हातमोजे घालून सुरकुतलेले. ती झोपेत असताना काढलेले. पोरीची पाठमोरी मान होती, अभ्यास करता करता टेबलावर पडलेली. बायको एकेक करून बघत गेली. काही तिने पुसून टाकले, काही विकले गेले होते. शेवटी फोन परत देताना ती म्हणाली, "हे माझे हात आहेत हे मला कळलंही नसतं." एवढं बोलून ती कपडे बदलायला गेली, आणि जाताना तिने आतलं दार लावून घेतलं. मुलगी दुसऱ्या दिवसापासून, बाप फोन हातात घेऊन खोलीत आला की, नकळत तोंड फिरवायला लागली. ते तिच्या ध्यानातही नसेल. त्याच्या मात्र रोज ध्यानात यायचं.

सकाळी ताई चहाला आली ती अंबाडा घालून, कवळी लावून, इस्त्रीच्या कपड्यांत. बिस्किट बुडवलं नाही. कडक कडक चावून खाल्लं. "माझ्या दाराला आतून कडी नाही," ती म्हणाली. "एक बसवून दे."

बाळ्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेऊन आला. भोकं पाडताना लाकडाचा भुसा तिच्या खोलीत पडत होता, आणि ती पलंगावर बसून त्याच्याकडे बघत होती. झाल्यावर तिने कडी लावून बघितली, काढून बघितली. "नीट बसलीय," ती म्हणाली.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी ताईने त्याला संस्थेचा नंबर शोधून द्यायला सांगितलं. तो शेजारी बसला असताना तिने फोन लावला. तिला फोन कानाला धरवत नसे. ती तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलायची. पलीकडे कोणी तरुण मुलगा होता. ताईने आपण कोण ते सांगितलं. तो आधी गांगरला, मग फार अदबीने बोलायला लागला.

"मॅडम, आम्ही तो रीतसर विकत घेतलाय. तुमची सही आहे आमच्याकडे."

"असेल," ताई म्हणाली, बाळ्याकडे न बघता. "मी फोटोची तक्रार करत नाही."

"आणि खरं सांगू का, हा फोटो सगळ्यात जास्त चालतो. याच्यावर खूप मदत येते, मॅडम. खऱ्या लोकांपर्यंत पोचते ती."

"येऊ दे. पण खालची ओळ खोटी आहे. तेवढी बदला. घरात माझा भाऊ आहे, भावजय आहे, भाची आहे."

"मी नोंद करून ठेवतो, मॅडम."

ताईने फोन बंद केला. बाळ्याला वाटत होतं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती आपल्या चष्म्याची काडी दाबत बसली होती.

"ते काही बदलायचे नाहीत," ती म्हणाली. "त्यांचं खोटं ते बघतील. पण त्या दिवशी मी बोलले ते माझं आहे. मुलींना मी कधी टाका लपवू दिला नाही, आणि त्यांच्याच तोंडावर खोटं बोलले. मला ते पचत नाहीये. जा आणि सांग त्यांना."

"फोन करतो दोघींना."

"त्या फोनवर आल्या होत्या का इथे?"

सुईचं दुकान आधी लागलं. चार मशीनं धडधडत होती, जमिनीवर कापडाच्या चिंध्या, आणि सुई तोंडात टाचण्या धरून एका गिऱ्हाइकाच्या बाहीला खुणा करत होती. बाळ्याने बाजूला बोलावलं तरी ती आली नाही. 'इथेच बोला' अशी हाताने खूण केली. तो बोलला. मशीनं एकेक करून थांबली. सुईने सगळं ऐकून घेतलं, टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "ज्या बाईंनी आम्हाला लोंबता धागा ठेवू दिला नाही, त्या स्वतःचा तसा फोटो देतील? मी गप्प बसले, कारण त्यांना तसं हवं होतं." मग तिने विचारलं, "किती मिळाले?"

बाळ्याने सांगितलं.

"एवढ्यात मी फाटका खिसासुद्धा शिवून देत नाही," ती म्हणाली आणि परत बाहीकडे वळली.

बँकेत रांग होती. बाळ्या रांगेत उभा राहिला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. पुढचा माणूस सरकला की तोही सरकायचा, आणि मनात वाक्यं जुळवायचा. खिडकीपाशी पोचला तेव्हा कळलं की मध्ये जाड काच आहे आणि बोलायला छोटा माइक. कॅशियरने त्याला ओळखलं, हसली. तो माइकपाशी वाकून हळू आवाजात बोलला.

"जरा मोठ्याने," ती म्हणाली. "इकडे ऐकू येत नाही."

त्याने पुन्हा सांगितलं.

"अजून मोठ्याने बोला ना."

"ताईने तो फोटो दिला नव्हता," बाळ्या म्हणाला, आणि त्याचा आवाज वरच्या स्पीकरमधून सगळ्या बँकभर ऐकू आला. "मी न विचारता काढला आणि न विचारता विकला. सहीपण मीच केली. माझी नोकरी गेली होती."

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. शेवटचं वाक्य उगाच बोललो, हे त्याला बोलतानाच कळलं. काचेपलीकडे कॅशियरचा हात नोटांवर थांबला होता. ती रागावेल, सगळ्यांदेखत काही बोलेल, याची त्याने तयारी केली होती. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळकरी मुलीचा गोंधळ होता.

"म्हणजे बाई खोटं बोलल्या?" तिने विचारलं. "आमच्याशी?"

बाळ्याने हो म्हणून मान हलवली. तिने नोटांची गड्डी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ठीक आहे. सांगते मी बाकीच्यांना," आणि त्याच्या मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली.

घरी येऊन त्याने ताईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. कॅशियरचं 'बाई खोटं बोलल्या?' हे वाक्य गाळावं असं वाटेत त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण गाळलं नाही. ताईने ते ऐकलं आणि हळूच मान डोलवली.

"खोटं बोलले खरी," ती म्हणाली. "आता मिटलं." पण तिचा चेहरा मिटल्यासारखा दिसत नव्हता.

पुढे बाळ्याला औषधांच्या एका गोदामात काम मिळालं. काचेच्या कुप्यांची खोकी यायची. फुटक्या वेगळ्या काढायच्या. पगार आधीच्या निम्मा, पण लिफ्टने जाता येऊ लागलं. वेबसाइटवरचं खातं त्याने बंद केलं. फोटो मात्र फिरत राहिला. कधी एखाद्या पत्रकावर, कधी कुणाच्या फोनवर. ओळ तीच होती. ताई त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलायची, चुका काढायची, भाचीच्या कपड्यांवरून बायकोशी हुज्जत घालायची. बोळक्या तोंडाने मात्र ती पुन्हा कधी चहाला आली नाही.

वर्षाअखेरीला पेन्शनच्या कचेरीत तिचा नवा फोटो द्यायचा होता. दरवर्षी तो बाळ्याच काढायचा, भिंतीसमोर उभं करून. या वेळी ती म्हणाली, "कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊ. रस्ता ओलांडायला सोबत ये फक्त."

स्टुडिओवाल्याने तिला स्टुलावर बसवलं. बाळ्या बाहेरच्या बाकावर थांबला. काचेतून त्याला दिसत होतं: ताईने आरशात बघून अंबाडा चाचपला, खांदे ताठ केले, हनुवटी वर घेतली. स्टुडिओवाला काहीतरी म्हणाला, बहुतेक थोडं हसा म्हणाला असेल. ती हसली नाही. दिव्याचा झोत डाव्या गालावर जास्त पडत होता. जरा मागे घ्यायला हवा होता. बाळ्याने ते बघितलं आणि तो रस्त्याकडे तोंड करून बसला.

ताई बाहेर आली. हातात काठी आणि पर्स होती म्हणून तिने फोटोंचं छोटं पाकीट त्याच्याकडे दिलं. "धर," ती म्हणाली. बघ असं म्हणाली नाही. पाकिटाला चिकटपट्टी नव्हती, तोंड उघडंच होतं. बाळ्याने ते अंगठ्याने दाबून धरलं, दुसऱ्या हाताने ताईचा दंड धरला आणि गाड्या थांबायची वाट बघत दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले.